घशाला पटत नाही

जयवंत तळपदे लंडनहून मनाच्या आजारांची डॉक्टरी शिकून आला, तेव्हा गिरगावातल्या त्याच्या नातेवाइकांची अशी समजूत होती की पोरगा मेंदू कापायला शिकलाय. तो काही कापत नाही, पेशंटला समोर बसवून नुसता बोलतो, हे कळल्यावर सगळ्यांचाच विरस झाला. 'बोलायलाच शिकायचं होतं तर समुद्र कशाला ओलांडला? गिरगावात काय बोलणाऱ्यांचा तोटा होता?' असं एका मामांनी सत्यनारायणाला जमलेल्या मंडळींसमोर विचारलं. जयवंतला त्यावर फार चांगलं उत्तर सुचलं, पण ते तिसऱ्या दिवशी, दाढी करताना.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला गुरुवारचा बाह्यरुग्ण विभाग मिळाला. विभाग म्हणजे त्वचारोगाच्या व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. पूर्वी तिथे मोडक्या खाटा ठेवत. दारावर 'मानसोपचार' अशी पाटी लागली, तरी सारं इस्पितळ तिला 'येड्यांची खोली' म्हणे. टपालवाला भलतीकडेच फिरतोय असं बघून एकदा खुद्द जयवंतनेच त्याला हाक मारून 'येड्यांची खोली ही इकडे' असं सांगितलं होतं.

त्या काळात मनाच्या दुखण्यावर लोकांना दोनच उपाय ठाऊक होते. इस्पितळात शॉक आणि गावाकडे भगत. जयवंतची पद्धत तिसरीच होती. लंडनमध्ये एक-दोन डॉक्टर त्या दिशेने चाचपडत होते, त्यातलं थोडं त्याने उचललं होतं आणि थोडं आपल्या मनाने जुळवलं होतं. घडलेल्या गोष्टीपेक्षा ती घडल्यावर मनात जे वाक्य चटकन उमटतं, तेच माणसाला जास्त छळतं, असं त्याचं म्हणणं. ते वाक्य पकडायचं, खरं किती, खोटं किती ते तपासायचं, आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष करून बघायचं. या पद्धतीला पुढे लांबलचक नाव मिळालं. तेव्हा नावच नव्हतं, त्यामुळे पेशंटला सांगायचं काय, ही रोजची पंचाईत. टेबलावर शाळेतली दगडी पाटी असे. तिच्यावर दोन रेघा ओढून तो तीन घरं करी. काय झालं, मनात काय आलं, दुसरं काय असू शकेल. पेशंट म्हणत, "डॉक्टर, सुई कधी टोचणार?"

नायगावच्या कमलाबाई स्टोव्ह विझलाय की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून पुन्हा पुन्हा घरी परतत. जयवंतने त्यांना सांगितलं, एकदाच बघा, कुलूप लावा आणि निघा. जीव घाबरेल, घाबरू द्या, थोड्या वेळाने आपोआप उतरतो. त्या म्हणाल्या, "आणि घर जळलं तर विझवायला तुम्ही येणार?" तो छातीठोकपणे हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात निघताना मात्र तो जिन्यावरून परत फिरला आणि आपल्याच घरचा स्टोव्ह बघून आला.

पण स्टोव्ह ही किरकोळ गोष्ट. जयवंतचं खरं दुखणं निराळं होतं. समोर एक माणूस असला की त्याची जीभ झऱ्यासारखी वाहायची. पंधरा-वीस माणसं असली की तीच जीभ टाळूला चिकटायची. लंडनला असताना एकदा निबंध वाचायची वेळ आली, तेव्हा त्याने घशाला मफलर गुंडाळून मित्राकडून वाचून घेतला होता. आता गिरगावातल्या एका वाचनालयाचे चिटणीस बाबुराव त्याच्या मागे लागले होते. 'मन आणि त्याची दुखणी' या विषयावर त्यांना व्याख्यान हवं होतं. ते पहिल्यांदा आले तेव्हा जयवंतने टॉन्सिल्स सुजल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा आले तेव्हाही टॉन्सिल्सच.

बाबुराव जिना उतरून गेल्यावर त्याची बायको बकुळा म्हणाली, "अहो, तुमचे टॉन्सिल्स शाळेत असतानाच काढलेत ना? सासूबाईंनी सांगितलंय मला."

"तो माझ्या घशाचा प्रश्न आहे," जयवंत म्हणाला.

"तेच म्हणते मी," बकुळा म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

हे सगळं असं चाललं असताना, सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर एका गुरुवारी, दत्ताराम त्याच्या खोलीत आला. खरं तर त्याला आणला. आणणारी त्याची बायको सुभद्रा. दोघं लालबागच्या चाळीत राहणारी, मूळ मालवणकडची. दत्ताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. आडवातिडवा गडी, पण खुर्चीत असा बसला की खुर्ची रिकामीच वाटावी.

"डाक्टरांनु, ह्येंका जरा बगा," सुभद्रा म्हणाली. "घरात बरे बोलतत. भायर गेले काय तोंडाक कुलूप."

जयवंतने पाटी पुढे ओढली. "काय झालं?"

दत्तारामने पाटीवर एक नजर टाकली. मग म्हणाला, "मी घोषणा द्यायचो, डॉक्टर. मोर्चात. लालबागपास्नं फाउंटनपर्यंत. आपल्याला लाऊडस्पीकर लागायचा नाय."

घोषणा कुठली, हे त्या दिवसांत परळमध्ये कुणाला विचारावं लागत नसे. पुढच्याने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणायचं, मागच्यांनी 'झालाच पाहिजे'. गुजरात आणि महाराष्ट्र एका दावणीला बांधून केलेलं द्विभाषिक राज्य गिरणगावाला मान्य नव्हतं, आणि ते मोडावं म्हणूनच हे सगळे मोर्चे निघत.

"चार म्हैन्यांमागची गोष्ट," दत्ताराम म्हणाला. "दुपारचं ऊन. आधी द्विभाषिकाला शिव्या घालून झाल्या होत्या. तो शब्द तोंडात राह्यला असंल. मी हात वर केला आणि सगळा जीव लावून ओरडलो, 'मुंबईसह द्विभाषिक!'"

"मग?"

"मग काय. मागनं सगळा मोर्चा ओरडला, 'झालाच पाहिजे!'"

जयवंत हसला. त्याला हसायचं नव्हतं. हसू नाकातून निघालं, त्याने ते खोकल्यात वळवायचा प्रयत्न केला आणि शेवटी ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. लंडनच्या शिक्षणात पेशंटसमोर कसं बसावं, हात कुठे ठेवावेत, हे सगळं होतं. अशा वेळी काय करावं हे नव्हतं.

दत्ताराम उठून उभा राहिला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "मी बोललो होतो. डॉक्टर पण हसला."

सुभद्राने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. मग डॉक्टरकडे न बघता म्हणाली, "आमच्या बाजूच्या खोलीतलो शिवा गोळीबारात गेलो. लगीन व्हवचा होता त्येचा. ह्ये त्येच्यासाठी घोषणा देयत."

जयवंतचं हसू जागच्या जागी विरलं. "चुकलो मी," तो म्हणाला. "हसायला नको होतं." एवढंच त्याला सुचलं, आणि दत्ताराम खोलीत शिरल्यापासून जयवंतने उच्चारलेलं पहिलं उपयोगी वाक्य तेच होतं, कारण दत्ताराम त्यानंतर जरा सैल बसला.

पाटीवरचं मधलं घर भरायला वेळ लागला नाही. 'मी तोंड उघडलं की चूक होणार. लोक हसणार. शिवाचा अपमान होणार. माझ्यापायी मुंबई हातची जाणार.'

"तुमच्यापायी मुंबई?" जयवंतने विचारलं. "मुंबईचं काय करायचं ते दिल्लीत ठरणार. दिल्लीपर्यंत तुमचा आवाज गेला?"

"पेपरात आलं असंल."

"बघितलंत?"

"नाय. पण आलं असंल."

"बरं. चूक झाली, तुम्ही काय केलंत?"

"पळालो. एका गल्लीत शिरलो तो थेट घरी."

"आणि मोर्चाचं काय झालं?"

दत्तारामने पहिल्यांदाच वर बघितलं. "ते कसं ठाऊक असणार? मी तिथं होतोच कुठं?"

जयवंतला मनातून उकळ्या फुटल्या. असा धागा सापडावा म्हणून तर तो गुरुवारची वाट बघायचा. त्याने दत्तारामला घरी करायला काम दिलं. मोर्चात असलेल्या कुणालाही गाठायचं आणि त्या दिवशी पुढे काय झालं ते विचारायचं. आणि जाता जाता, मोठ्या शहाणपणाच्या सुरात, म्हणाला, "शिवाय, ओरडले तर सगळेच. मग चूक एकट्या तुमची कशी?"

"डॉक्टर," दत्ताराम म्हणाला, "मेंढरं खड्ड्यात पडली तर दोष पुढच्या मेंढराचा असतो."

जयवंतला यावर उत्तर सुचलं नाही. दाढी करतानाही नाही.

पुढच्या गुरुवारी दत्ताराम आला तो गोंधळलेला. चाळीच्या समितीचे अध्यक्ष भिवाकाका त्या मोर्चात होते. त्यांना विचारलं तर ते म्हणाले होते, "मोर्चा? गेलो की फाउंटनाक. थोडे हसले, मगे दुसऱ्यान घोषणा धरल्यान. माका वाटला तू पाणी पियाक गेलस."

"पाणी प्यायला!" दत्ताराम म्हणाला. त्याला जरा राग आल्यासारखं दिसलं. चार महिने ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली होती, ती गोष्ट लोकांच्या लेखी पाणी प्यायला जाण्याइतकी होती.

जयवंतने मग तो प्रश्न विचारला, जो विचारायला तो आठवडाभर घाबरत होता. "शिवा त्या दिवशी मोर्चात असता, तर काय म्हणाला असता?"

दत्तारामने तोंड वळवलं. खिडकीबाहेर त्वचारोगाची रांग खाजवत उभी होती, तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून जयवंत पुढे वाकला, तर तो हसत होता. "शिवा? तो रस्त्यात लोळला असता, डॉक्टर! आख्ख्या चाळीला सांगत सुटला असता. जन्मभर मला द्विभाषिक म्हणून हाक मारली असती त्यानं." आणि मग तो खरोखरच थोडा रडला.

जयवंतला वाटलं, झालं काम. त्याने विचारलं, "मग आता पटलं?"

"डोक्याला पटलं," डोळे पुसत दत्ताराम म्हणाला. "घशाला पटत नाही."

घशाला पटवायचं म्हणजे पायरी पायरीने चढणं आलं. सगळ्यात सोपी पायरी, याच खोलीत, हळू आवाजात घोषणा. "भीती किती वाटते सांगा," जयवंत म्हणाला. "रुपयात."

"आण्यात सांगू की नव्या पैशात?" दत्तारामने विचारलं. नवे पैसे नुकतेच आले होते आणि सगळं गिरणगाव हिशेबात अडखळत होतं.

"आण्यात."

"चार आणे."

तो कुजबुजला. मग जरा मोठ्याने. मग दुसऱ्या गुरुवारी आणखी मोठ्याने. चार आण्यांची भीती दोन आण्यांवर आली. तिसऱ्या गुरुवारी जयवंतला इतका उत्साह आला की तो म्हणाला, "आता पुऱ्या आवाजात द्या. मोर्चात द्यायचात तशी."

दत्तारामने डोळे मिटले, हात वर केला आणि दिली.

आवाज खरोखरच लाऊडस्पीकर न लागणारा होता. आणि बाहेर व्हरांड्यात परळ-लालबागची माणसं बसलेली. एका क्षणाचाही विचार न करता साऱ्या त्वचारोग विभागाने उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!" त्यापलीकडे हाडांचा विभाग होता. तिथून प्लॅस्टरमधले लोकही ओरडले. वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डातून एक बारीक 'झालाच पाहिजे' आलं. हातात तापमापक घेऊन नर्सबाई धावत आल्या. दत्ताराम मात्र दारात उभा राहून कान देऊन ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक महिन्यांत नसलेलं काहीतरी होतं.

सुपरिंटेंडेंटांनी जयवंतला बोलावून घेतलं. ते जुन्या वळणाचे, सरकारला भिणारे गृहस्थ. "तळपदे, तुमच्या खोलीतून राजकीय घोषणा?"

"सर, तो उपचार आहे."

"कुठल्या पक्षाचा?"

जयवंतने पद्धत समजावून सांगितली. सुपरिंटेंडेंटांनी शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितलं की उपचार करायला त्यांची हरकत नाही, फक्त तो आवाज न करता करावा.

म्हणून पुढची पायरी इस्पितळाबाहेर गेली. एका रविवारी सकाळी दोघं कॉटन ग्रीनला गेले. सुट्टीच्या दिवशी कापसाच्या गोदामांमधले रस्ते अगदी ओस असत. तिथे दत्ताराम मोकळ्याने ओरडला. गोदामाच्या भिंतींनी घोषणा परत दिली. एका पठाण चौकीदाराने येऊन विचारलं की भांडण कुणाशी चाललंय, कारण त्याला दुसरा माणूस भांडताना दिसत नव्हता. दुसरा माणूस, म्हणजे जयवंत, कोट सांभाळत एका हातगाडीआड उभा होता.

"आता शेवटची पायरी," हातगाडीमागून बाहेर येत तो म्हणाला. "माणसांत उभं राहायचं आणि मुद्दाम चुकायचं. ज्या गोष्टीची भीती, ती आपण होऊन करायची. काय होतं ते बघायचं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

दत्तारामने बराच विचार केला. "आधी तुम्ही करून दाखवा."

"माझा प्रश्न वेगळा आहे," जयवंत म्हणाला.

"कसा?"

जयवंतला आपलंच वाक्य ऐकू आलं. हे वाक्य तो गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत ऐकायचा. कमलाबाई तेच म्हणायच्या, माझं वेगळं आहे, माझा स्टोव्ह जुना आहे. प्रत्येकाचंच वेगळं असतं, हे तो त्यांना पाटीवर लिहून दाखवायचा. आता ते वाक्य स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि ते पुसायला पाटी जवळ नव्हती.

"बरं," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी पस्तावला.

ठरलं असं. पुढच्या रविवारी चाळीच्या चौकात समितीची सभा होती. तिथे जयवंतने दोन शब्द बोलायचे आणि शेवटी, जणू चुकून, 'मुंबईसह द्विभाषिक' अशी घोषणा द्यायची. दत्तारामने फक्त बघायचं. शास्त्राप्रमाणे आपल्याला काय होईलसं वाटतं ते आधी सांगून ठेवायचं असतं, म्हणून जयवंतने बकुळाला सांगितलं. लोक मारतील. बातमी इस्पितळात जाईल. नोकरी जाईल. मग तूही माहेरी निघून जाशील.

"माझं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे," बकुळा म्हणाली. "मी रोज संध्याकाळी जातेच."

रविवारी चौक भरला होता. गॅलऱ्यांमधून बायका वाकून बघत होत्या. भिवाकाकांनी, तोंडात दात नसल्यामुळे सगळी अक्षरं गोल करत, ओळख करून दिली. "ह्ये इंग्लंडात शिकान इलेले डाक्टर. इंग्लंडात! तरी आपल्या लढ्याक इले. टाळयो वाजवा."

टाळ्या वाजल्या. जयवंत खुर्चीवर चढला. "बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, आणि तिथेच त्याच्याजवळचे शब्द संपले.

हे ठरलेलं नव्हतं. ठरलेली चूक शेवटी होती, ही आधीच आली. गुडघे थरथरायला लागले, खुर्ची मोडकी असल्यामुळे तीही थरथरायला लागली, आणि दोघांच्या थरथरीचा मेळ बसेना. चौक वाट बघत होता. वरून एक बाई म्हणाली, "पाणी द्या त्यांना." जयवंतला वाटलं, निदान घोषणा देऊन उतरावं. त्याने हात वर केला. 'मुंबईसह' एवढं बरोबर आलं. पुढे मुद्दाम काय चुकायचं होतं तेच आठवेना. बरोबर काय होतं तेही आठवेना. डोक्यात भिवाकाकांचा एकच शब्द घुमत होता.

"मुंबईसह... इंग्लंड!" जयवंत ओरडला.

"झालाच पाहिजे!" अख्खा चौक ओरडला.

आपण काय मागितलं ते मग एकेकाच्या ध्यानात आलं. भिवाकाका समजुतीने म्हणाले, "डाक्टर, येवढा नको. आमका बेळगाव-कारवार गावला तरी बस झाला."

चौकात जो हशा पिकला तो तीन मजले चढून कौलांपर्यंत गेला. जयवंतने खुर्चीवरून उतरायचा रस्ता शोधला, तो सापडेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आडवातिडवा माणूस उठला, त्याच्या दंडाला धरून उभा राहिला, आणि हात वर करून त्याने अशी घोषणा दिली की गॅलरीतली कबुतरं उडाली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" चौकाने उत्तर दिलं. पुन्हा दिली. पुन्हा उत्तर आलं.

पुढे लगेचच सभा तळमजल्याच्या नळाला पाणी का येत नाही या विषयाकडे वळली आणि तिथेच रमली. जयवंतला मारायला कुणी आलं नाही. एका बाईने चहा दिला आणि गुडघे दुखतात म्हणून औषध विचारलं. लंडनच्या डॉक्टरला गुडघ्यांतलं कळत असणारच, असं तिचं म्हणणं. त्याच्या गुडघ्यांची अवस्था नुकतीच सगळ्यांनी पाहिली होती.

त्या दिवशी जयवंत घरी आला तो तरंगत. पेशंट बरा झाला! बकुळाला त्याने सगळा प्रसंग दोनदा सांगितला. मनातल्या मनात विलायतेच्या मासिकासाठी लेखही लिहून टाकला, त्यात फक्त इंग्लंडचा उल्लेख गाळला.

गुरुवारी दत्ताराम आला आणि खुर्चीत पूर्वीसारखाच बसला. "गिरणीत परवा मीटिंग होती," तो म्हणाला. "बोलता आलं नाय."

"अहो, पण रविवारी..."

"रविवारी तुम्ही बुडताना दिसलात, डॉक्टर. मी उडी मारली. पोहता येतं म्हणून नाय मारली."

विलायतेच्या मासिकातला लेख तिथेच बुडाला. पण जयवंत इतक्या वर्षांत एवढं शिकला होता की पेशंट जेव्हा खरं बोलतो, तेव्हा आपण वाद घालू नये. त्याने विचार केला. मग म्हणाला, "म्हणजे मी जवळ असलो की तुम्ही मला सांभाळता. मग यापुढे मी जवळ नको. मोर्चा कधी आहे?"

"मंगळवारी."

"जा. चूक मुद्दाम करू नका, पण झाली तर पळू नका. तिथंच थांबा आणि मागे वळून लोकांची तोंडं बघा. एवढंच काम."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच."

मंगळवार गेला. गुरुवारी दत्ताराम आला नाही.

जयवंत बारापर्यंत स्वस्थ बसला. मग त्याच्या मनात वाक्यं उमटायला लागली. दत्तारामचा आवाज कायमचा गेला. लोकांनी मारलं. पोलिसांनी धरलं. आपण नको त्या पायरीवर चढवलं, आपल्याला हे काम येतच नाही, मामा म्हणत होते तेच खरं. त्याने पाटी ओढून तीन घरं आखली. मधलं घर खच्चून भरलं. तिसऱ्या घरात काही लिहायला सुचेना, म्हणून तिथे त्याने एक फूल काढलं. शेजारच्या खोलीतला त्वचारोगाचा डॉक्टर डोकावून म्हणाला, "तळपदे, आज पेशंट नाहीत वाटतं?" जयवंत म्हणाला, "एक आहे."

त्याच्या पुढच्या गुरुवारी सुभद्रा आली, ती त्वचारोगाच्या रांगेत. नवऱ्याचे गिरणीतले कपडे धुताना कसल्याशा रंगाने तिच्या हाताला पुरळ उठलं होतं. जयवंत सगळी लाजलज्जा सोडून व्हरांड्यात धावला. "दत्ताराम कसे आहेत? काय झालं मंगळवारी?"

"मंगळवारी?" सुभद्राने आठवून बघितलं. "हां. घोषणा दिल्यानी. लालबागच्या नाक्यार आवाज फाटलो, कोंबडो आरवता तसो. पोरा हसली. ह्ये थांबले, मागे वळान बगल्यानी."

"मग?"

"मगे परत दिल्यानी. काय करतले?"

"मग इथे का नाही आले?"

सुभद्राने त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "सकाळची पाळी लागली हा, डाक्टरांनु. बरो झालेलो माणूस हंय कित्याक येतलो?"

जयवंत खोलीत परतला. आनंद झाला होता, त्यात शंका नव्हती. पण निरोप न घेता कुणी बरं व्हावं, याचा थोडा रागही आला होता. एवढं आपण इंग्लंडसुद्धा मागितलं त्याच्यासाठी! तो रागही त्याने पाटीवर लिहिला, वाचला आणि पुसून टाकला.

त्याच संध्याकाळी त्याने वाचनालयात जाऊन बाबुरावांना सांगितलं की घसा बरा आहे, तारीख द्या. बाबुरावांनी तारीख इतक्या तत्परतेने दिली की पळायला जागा उरली नाही.

व्याख्यानाला जयवंतचे मामा पहिल्या रांगेत होते आणि बकुळा बायकांच्या रांगेत. सुरुवातीला त्याचा आवाज बाहेर आलाच नाही. मग आला तो बारीक. टिपणं उलटताना कोपर लागून तांब्या कलंडला आणि अध्यक्षांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सभागृहात हशा पिकला. जयवंतचे पाय दाराकडे वळले. पण त्याने ते जागेवर ठेवले आणि मान वर करून लोकांची तोंडं बघितली. हसणारी तोंडं. त्यांत कुणीही दुष्ट दिसत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर धोतर पिळायला आपला पंचा पुढे केला. हसून झाल्यावर तीच माणसं परत त्याच्याकडे बघत होती, पुढचं ऐकायला.

त्याने पुढचं सांगितलं. फार चांगलं नाही सांगितलं. दोन उदाहरणं विसरला, एक दोनदा सांगितलं, आणि आभाराच्या वेळी अध्यक्षांचं नाव चुकलं. प्रश्नोत्तरांत मामांनी विचारलं की मनाच्या आजारावर सगळ्यात चांगली गोळी कुठली. जयवंत म्हणाला, "तीच शोधतोय, मामा. तोवर बोलतो." लोक परत हसले. या वेळी त्यालाही हसू आलं.

घरी परतताना त्याने बकुळाला विचारलं, "कसं झालं?"

बकुळा खरं बोलणारी बाई होती. थोडा विचार करून ती म्हणाली, "पहिलं ऐकूच आलं नाही. मधलं कळलं नाही. शेवटचं बरं होतं."

पुढे कोपऱ्यावर फेरीवाल्याच्या शेगडीवर शेंगा भाजत होत्या. जयवंतला एकाएकी जबर भूक लागली. सकाळपासून भीतीने त्याने काही खाल्लं नव्हतं. दोघं तिथे थांबले. बकुळाने पुडीसाठी हात पुढे केला आणि म्हणाली, "मामांना मात्र तुम्ही चांगलं उत्तर दिलंत. जागच्या जागी!"

जयवंतने शेंग सोलली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि पुढची सोलायला घेतली.